आधी लगीन लेन्सचं: नाटकाच्या अंधारात क्रॉप की फुल फ्रेम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात निकॉन डी५६०० आहे आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स. दादर-माटुंग्याकडे हौशी आणि प्रायोगिक नाटकांच्या रंगीत तालमींचे फोटो काढता, गणपतीत लालबाग आणि गिरगाव चौपाटी करता. फोटो रवाळ येतात, नटाने मान वळवली की चेहरा पुसला जातो. ग्रुपमधले सगळे सांगतात, क्रॉप सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या लहान चकतीचा, जी तुमच्या कॅमेऱ्यात आहे) नाद सोड, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घे. पैसे एकदाच घालता येणार आहेत, तर ते कुठे घालायचे?

लेन्समध्ये घाला. आधी लगीन लेन्सचं, बॉडीचं, म्हणजे कॅमेऱ्याचं, नंतर बघू.

फुल फ्रेमचा फायदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो आहे आणि मोजताही येतो. भानगड अशी की तो किती आणि कधी मिळतो हे न सांगताच लोक सल्ले देतात, आणि दुकानदाराला तर ते सांगायचं कारणच नसतं.

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. तुमच्या डी५६०० चा साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ च्या आसपास. तीच चौकट, तेच अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्सचं भोक) आणि तोच शटर स्पीड ठेवला तर फुल फ्रेमवर एकूण २.३५ पट प्रकाश पडतो. स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) सव्वा स्टॉपला थोडा कमी. कॅननचा क्रॉप सेन्सर जरा लहान असतो, तिथे हा फरक एक आणि एकतृतीयांश स्टॉपच्या घरात जातो.

नॉइज, म्हणजे फोटोतली रवाळी, येतो तो मुळात प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओ वाढवल्यामुळे नॉइज येतो ही समजूत इतकी पक्की बसली आहे की निघता निघत नाही. प्रकाश कणाकणाने येतो आणि कणांची संख्या कमी असली की तिच्यातला चढउतार डोळ्यांत भरतो. एखाद्या पिक्सेलवर १०० कण पडले तर चढउतार साधारण १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० पडले तर १०० चा, म्हणजे १ टक्का. आयएसओ फक्त त्या अपुऱ्या प्रकाशाला उजळून दाखवतो. त्यामुळे भीतीपोटी आयएसओ १६०० वर अडवून फोटो काळपट काढायचा आणि घरी येऊन लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये उजळायचा, यात नॉइज रतीभरही कमी होत नाही. उलट कधीकधी सावल्यांमध्ये जास्तच दिसतो.

आता लेन्सचा हिशोब. तुमची किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ ५.६ वर येते (एफ-आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं). त्याजागी ५० मिलिमीटर एफ १.८ लावली तर प्रकाश किती वाढला? ५.६ ला १.८ ने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा: जवळजवळ ९.७ पट. बॉडी बदलून २.३५ पट, लेन्स बदलून ९.७ पट. आणि ५० एफ १.८ ही निकॉनच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक आहे.

रंगीत तालमीत समोरून बऱ्यापैकी प्रकाश आहे असं धरू. किट लेन्सवर एफ ५.६ आणि १/२०० ला आयएसओ १२,८०० लागला. त्याच जागी एफ १.८ वर १,२५० पुरेल. फुल फ्रेम घेतलीत पण लेन्स एफ ५.६ चीच राहिली, तर आयएसओ १२,८०० च लागणार. सेन्सर मोठा म्हणून तो फोटो तुमच्या आत्ताच्या कॅमेऱ्यावरच्या ५,५०० सारखा दिसेल. साडेपाच हजार की साडेबाराशे, हे तुम्हीच ठरवा.

आणि हे काल्पनिक नाही. बजेट ताणून फुल फ्रेम घेणाऱ्यांच्या हाती नेमकी तीच जोडी येते. निकॉन झेड५ बरोबर २४-५० एफ ४-६.३ मिळते, कॅनन आर८ बरोबर २४-५० एफ ४.५-६.३. बॉडी उत्तम, लेन्स लहान आणि हलकी, दिवसा कसलीच तक्रार नाही. पण ५० ला एफ ६.३! डी५६०० वर ३५ मिलिमीटर एफ १.८ लावून जवळजवळ तीच चौकट धरलीत तर सेन्सरपर्यंत पाचपट अधिक प्रकाश पोचतो, आणि तोही सेन्सर लहान असल्याची वजावट करून. कर्ज काढून घेतलेला कॅमेरा जुन्या कॅमेऱ्यापुढे अंधारात मागे पडलेला मी पाहिला आहे, आणि मालक बिचारा मेनूत सेटिंग शोधत असतो.

यामागचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चर्चा आपोआप निकालात निघतात. लेन्सचं फोकल लेंथ भागिले एफ-आकडा म्हणजे प्रकाश आत येतो त्या भोकाचा व्यास. क्रॉपवर ३५ एफ १.८ म्हणजे साडेएकोणीस मिलिमीटर. फुल फ्रेमवर तेवढंच दृश्य घ्यायला ५२ ची लेन्स लागेल, ती एफ २.८ ला ठेवा: साडेअठरा. जवळजवळ सारखंच भोक, सारखाच प्रकाश, सारखाच नॉइज, आणि पार्श्वभूमीही सारखीच धूसर. म्हणजे क्रॉपवरची एफ १.८ आणि फुल फ्रेमवरची एफ २.८ या अंधारातल्या बरोबरीच्या गोष्टी आहेत. फुल फ्रेमवाल्याला पुढे जायचं असेल तर त्याने २.८ च्या पुढे, म्हणजे एफ १.८ किंवा १.४ वर जायला हवं. जाता येतं, पण त्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते.

ती किंमत म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, पुढे-मागे किती खोलीपर्यंत सगळं स्पष्ट दिसतं ते. नट सहा मीटरवर आहे, तुमच्याकडे क्रॉपवर ८५ एफ १.८ आहे. नेहमीच्या मोजपट्टीने साधारण ३६ सेंटीमीटरची खोली फोकसमध्ये राहते. फुल फ्रेमवर तीच ८५ एफ १.८ लावून तीच चौकट मिळवायला चार मीटरपर्यंत पुढे जावं लागतं, आणि तिथे खोली उरते २३ सेंटीमीटरच्या आसपास. एकट्या नटाचा क्लोजअप असेल तर चालतंय, छानच दिसतं. पण नाटक बहुतेक वेळा दोघांचं असतं. बायको पुढे ट्रंक भरते आहे, नवरा तिच्या मागे अर्ध्या पावलावर उभा राहून तिच्याकडे बघतो आहे, आणि त्या प्रसंगातलं सगळं नाट्य त्याच्या चेहऱ्यावर आहे. २३ सेंटीमीटरमध्ये हे दोघं मावत नाहीत. मग तुम्ही अ‍ॅपर्चर २.८ ला आणता, आयएसओ तेवढाच वर चढतो, आणि ज्या सव्वा स्टॉपसाठी एवढे पैसे ओतले तो हातातून गेला. एकेकट्या माणसांचे पोर्ट्रेट काढणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही. नाटकवाल्याला दर प्रवेशात जाणवतं.

नाटकाच्या बाबतीत क्रॉपच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, लांबून काढण्याची. नाट्यगृहात तुम्ही पाचव्या-सहाव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला बसता. क्रॉपवर ८५ ची लेन्स साधारण १२८ सारखं दृश्य देते, कमरेपासून वरचा माणूस छान भरतो. फुल फ्रेमवर तेवढ्यासाठी १३५ एफ १.८ किंवा ७०-२०० एफ २.८ लागेल. दोन्ही महाग, दोन्ही जड, आणि ७०-२०० तर अंधारातही पांढऱ्या हत्तीसारखी दिसते. कुणी म्हणेल, ८५ च लावा आणि फुल फ्रेमचा फोटो नंतर कापा. कापलात की तेवढाच सेन्सर वापरला. म्हणजे पैसे फुल फ्रेमचे, फोटो क्रॉपचा.

प्रकाशाचा दुसरा त्रास सेन्सरशी संबंधितच नाही, तरी लोक तो सेन्सरच्या माथी मारतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२५० ला ठेवलं तर कधी अर्ध्या लुकलुकीत फोटो निघतो, कधी आडवे पट्टे येतात. तालमीच्या हॉलमध्ये, मंडळाच्या मांडवात, गल्लीतल्या दिव्यांखाली शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, बरेच पट्टे गायब होतात. रंगमंचावरचे जुने हॅलोजन स्पॉट या बाबतीत गरीब गाईसारखे असतात. एलईडी पार कॅन (रंगमंचावरचे डब्यासारखे रंगीत दिवे) मात्र डिमर खाली आणला की स्वतःच्याच गतीने लुकलुकतात आणि तिथे ५० हर्ट्झचा हिशोब चालत नाही. एकेक शटर स्पीड लावून बघावा लागतो. मिररलेस (तुमच्या डी५६०० सारखा आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर लावलंत तर आवाज शून्य, पण पट्टे हमखास. नाटकातल्या शांततेत खटखट नको आणि पट्टेही नकोत, हे दोन्ही साधायला वेगाने वाचून घेणारा सेन्सर लागतो आणि तो महाग बॉडीतच येतो. म्हणूनच मी रंगीत तालमीचा आग्रह धरतो. तिथे आवाज चालतो. प्रयोगात, परवानगी असली तरी, शेजारच्या प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे तुमचं शटर ऐकायला दिलेले नसतात.

एलईडीचा निळा-जांभळा प्रकाश हा वेगळाच छळ. चेहऱ्यावर गडद निळा स्पॉट पडला की निळ्या चॅनेलचं भांडं भरून वाहतं आणि लाल-हिरवं रिकामं राहतं. पडद्यावर फोटो ठीक दिसतो, घरी मोठा केला की नाक-गाल सगळं एका निळ्या डागात सपाट. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू ठेवा, निळं उजव्या भिंतीला टेकलं की दोन-तृतीयांश स्टॉप खाली या. फोटो रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्येच काढा. हे फुल फ्रेमवरही करावंच लागतं.

शटरबद्दल थोडंसं: उभा राहून बोलणारा नट १/१२५ ला धरता येतो, हातवारे असतील तर १/२००, लावणी किंवा मारामारी असेल तर १/५०० लागतं. इमेज स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, नटाची नाही. चेहरा पुसला जातो त्याचं कारण तुमचा हात नसून शटर हळू असणं आहे.

मग फुल फ्रेम कुणी घ्यावी? ज्याच्या हातात एफ १.४-१.८ च्या लेन्सा आहेत, ज्याला शटर आणखी खाली आणता येत नाही आणि तरी प्रकाश अपुराच आहे, त्याने. लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्याने जरूर घ्यावी. हॉलमध्ये अंतरपाटाच्या वेळी फ्लॅश न मारता काम करायचं, पाहुण्यांना पोर्ट्रेट हवे, अल्बमचं मोठं पान छापायचं, आणि रोजच्या रोज ग्राहकाला उत्तर द्यायचं, तिथे सव्वा स्टॉप पैसे वसूल करतो. वाइड अँगलने अंधारात काम असेल तरी: लालबागच्या मांडवात गर्दीत चेपून उभं राहून अख्खी मूर्ती आणि छत घ्यायचं तर फुल फ्रेमला २० एफ १.८ किंवा २४ एफ १.४ सारख्या लेन्सा मिळतात, त्याच तोडीच्या निकॉन डीएसएलआरच्या क्रॉप लेन्सा जवळजवळ नाहीतच. सोनी, फुजी किंवा कॅननच्या मिररलेस क्रॉपवर सिग्माची १६ एफ १.४ बरंच काम भागवते.

बॉडी बदलण्याचं आणखी एक खरं कारण आहे आणि ते सेन्सरच्या आकाराचं नाही: ऑटोफोकस. डी५६०० चा ऑटोफोकस कागदावर उणे १ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचं माप, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) काम करतो, फुल फ्रेमच्या डी७५० चा उणे ३ पर्यंत. म्हणजे चारपट कमी उजेडातही तो नटावर फोकस धरतो. २०१४ ची बॉडी असूनही नाटकवाले ती सोडत नाहीत ते याचमुळे. पण आजच्या मिररलेस क्रॉप बॉड्याही अंधारात डोळा पकडतात, तेव्हा हा मुद्दा "फुल फ्रेम घ्या" असा न वाचता "नवा ऑटोफोकस घ्या" असा वाचा. तुमच्या कॅमेऱ्यावर तोपर्यंत उपाय एकच, मधला फोकस पॉइंट वापरा. मधले नऊ क्रॉस टाइप (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे) आहेत, कडेचे अंधारात भरकटतात.

आणि नुसता "फुल फ्रेम" हा शब्द बघून जुनी बॉडी उचलू नका. कॅननची पहिली ५डी २००५ ची, तिचा आयएसओ १६०० पर्यंत, ताणून ३२००. आजचा साधा क्रॉप तिला अंधारात सहज मागे टाकतो. सेन्सरचं वय त्याच्या आकाराइतकंच महत्त्वाचं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर खरेदी अशी करा. पहिली लेन्स ८५ एफ १.८जी, कारण नाटक हे तुमचं मुख्य काम आणि ही लेन्स पुढे फुल फ्रेमवरही चालते. दुसरी जवळच्या कामासाठी. तिथे ३५ एफ १.८जी डीएक्स क्रॉपवर फार गोड चालते, पण ती क्रॉपसाठी बनलेली आहे. पुढे डी७५० घेतलीत तर कॅमेरा आपोआप फ्रेम कापून २४ मेगापिक्सेलचा १० वर आणेल. लवकरच फुल फ्रेमकडे जायचं पक्कं असेल तर ३५ ऐवजी ५० एफ १.८जी घ्या. नसेल तर ३५. निकॉनने २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यामुळे या माउंटच्या (लेन्स जोडायच्या खोबणीच्या) लेन्सा नव्याकोऱ्या घेण्याचा हट्ट नको. सेकंड हँड भरपूर फिरतात.

घ्यायला फोर्टात बोरा बाजारला जाल. तिथे एक सापळा आहे. "५० एफ १.८, एकदम स्वस्त" म्हणून समोर येईल ती बहुधा जुनी डी मालिकेची. काच चांगली, बांधणी चांगली, पण तिच्यात मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही नाही. म्हणजे हाताने फोकस फिरवत बसा, आणि अंधारात तुमच्या त्या लहानशा व्ह्यूफाइंडरमधून एफ १.८ वर हाताने फोकस म्हणजे देवाक काळजी. लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं बघा, मागे एफ-आकड्यापुढे जी असलेलं बघा. डी मालिका डी७००० च्या घराण्यात किंवा डी७५० वर नीट चालते, तुमच्याकडे नाही. पुढे झेड (निकॉनची मिररलेस) बॉडी घेऊन एफटीझेड अडॅप्टर लावलात तरी एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो, डी मालिकेचा नाही.

लेन्स हातात घेतल्यावर मोबाइलचा टॉर्च मागून लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती फंगस. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती लागणारच, आणि अशी लेन्स नॉइजपेक्षा वाईट काम करते: दिव्यांभोवती धुकं आणते आणि नाटकाचा गडद अंधार राखाडी करून टाकते. धुळीचे चार कण चालतील. बॉडी घ्यायची असेल तर शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) विचारा. डी७५० चं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे, अर्ध्याच्या आत असेल तर निवांत. घरी सिलिका जेलचा हवाबंद डबा पुरतो, ड्राय कॅबिनेट असेल तर सोन्याहून पिवळं.

आणखी एक गोष्ट, हल्ली हे गणित सॉफ्टवेअरनेही ढवळून काढलंय. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये आलेला डीनॉइज, किंवा डीएक्सओचा डीपप्राइम, रॉ फाइलमधून माझ्या नजरेने एक ते दोन स्टॉप परत देतो. म्हणजे साधारण फुल फ्रेमएवढं. फुकटात नाही, पण बॉडीच्या किमतीच्या मानाने जवळजवळ फुकटच. जपून वापरा. फार ताणलं की नऊवारीच्या जरीचं पोत मेणासारखं गुळगुळीत होतं आणि मेकअप केलेला चेहरा प्लास्टिकचा दिसतो. मी जोर अर्ध्यावर ठेवतो आणि थोडी रवाळी राहू देतो. नाटकाच्या फोटोला ती शोभते. आणि फोटो जातो कुठे? इन्स्टाग्रामवर, नाहीतर पेपरातल्या बोटभर जाहिरातीत. २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढा लहान झाला की निम्मा नॉइज असाच दिसेनासा होतो.

तरीही मन मानत नसेल, आणि मानणार नाही हे मला ठाऊक आहे, तर ८५ घेतल्यावर एका तालमीपुरती डी७५० भाड्याने घ्या. अंधेरी, दादरकडे भाड्याने देणारे आहेत, ओळखपत्र आणि डिपॉझिट मागतात. तीच ८५ दोन्ही बॉड्यांवर आलटून पालटून लावा, आयएसओ ३२०० आणि ६४०० ला, शटर दोन्हीकडे तेच. फुल फ्रेमवर चार पावलं पुढे सरका, म्हणजे चौकट सारखी येईल. एकदा एकट्या नटाचा फोटो घ्या, एकदा दोघांचा. घरी दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी सारख्याच आकाराचे करून बघा, १०० टक्के मोठे करून नाही, कारण ते पाहणं आपण कॅमेरावाल्यांशिवाय जगात कुणी करत नाही. दोघांच्या फोटोत मागचा नट फोकसमध्ये आहे का, ते आधी बघा. नॉइज त्यानंतर.

भाड्याने घेताना बॅटऱ्या दोन मागून घ्या. तालीम लांबते, आणि हॉलमधला एकुलता प्लग साउंडवाल्याकडे असतो.